बर्फ समोरच्या घरचा

आमच्या कॉकटेलमध्ये जिन माझी आणि बर्फ समोरच्यांचा, अशी युती होती. दिल्लीत सरकारं धड वर्षभरही टिकत नव्हती, त्या काळात ही युती मात्र दर शनिवारी भक्कम असायची. कारण साधं होतं. नोएडातल्या आमच्या सेक्टरमध्ये दिवेलागणीला आमच्या बाजूची वीज जायची. समोरच्या फ्लॅटची लाइन वेगळी, त्यामुळे त्यांचा फ्रिज चालू राहायचा.

समोरचे मूळचे ठाण्याचे, माझ्याहून थोडे मोठे. मी पुण्याहून परदेशी कंपनीत नोकरीला आलेलो, आणि विमानातल्या मासिकात कॉकटेलवरचं एक पान वाचल्यापासून स्वतःला त्यातला जाणकार समजू लागलेलो. बायकोच्या माहेरून, मालवणहून येणारं कोकमाचं आगळ, जिन, साखर आणि चिरलेली हिरवी मिरची फिरकीच्या झाकणाच्या डब्यात घालून मी असा काही हलवायचो, की बायको विचारायची, ताक करताय का. समोरचे पहिला घोट घेऊन डोळे मिटायचे. मला ती दाद वाटायची. तो मिरचीचा प्रताप होता, हे फार उशिरा कळलं.

एका शनिवारी पुन्हा सरकार पडलं. कोणामुळे, यावर आमची जुंपली. दुसऱ्या ग्लासानंतर मला देशाची काळजी जरा जास्तच वाटते. मी म्हणालो, "तुमच्यासारख्यांनी विचार न करता मतं दिली, म्हणून ही वेळ आली."

"आणि तुमच्यासारख्यांनी विचार करून दिली, त्याचं काय झालं ते दिसतंच आहे," असं म्हणून ते उठले आणि अर्धा वितळलेला बर्फाचा ट्रे घेऊन निघून गेले.

पुढचे कित्येक शनिवार सुने गेले. जिन्यात भेटलो की दोघंही किल्ल्या शोधायचो. ऑफिसात दिवसभर हिंदी आणि इंग्रजी. मनासारखं भांडायला मराठी माणूस तो एकच होता. मला त्याची फार आठवण यायची. बायको म्हणायची, जा, बेल वाजवा. मी तिला तत्त्व म्हणजे काय ते समजावून सांगायचो.

मग निवडणूक आली. मतदानाच्या दिवशी सुट्टी, दारूची दुकानं बंद. मी दिवसभर पायजम्यात लोळत टीव्हीसमोर मतदारांना नावं ठेवत होतो. संध्याकाळी वीज गेली. शिल्लक जिनमध्ये आगळ घालून प्यायलो; कोमट खोकल्याच्या औषधासारखं लागलं. तेवढ्यानं तत्त्व ढासळलं. रिकामं भांडं घेतलं आणि समोरची बेल वाजवली.

त्यांनी दार उघडलं.

"बर्फ आहे का?" मी विचारलं.

ते आत गेले आणि ट्रे घेऊन आले. तो माझ्या हातात देताना त्यांच्या डाव्या हाताचं बोट दिव्याखाली आलं. शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. मी वर पाहिलं, तर ते माझ्या बोटाकडे बघत होते.

"नाव अजून ठाण्याच्याच यादीत आहे," ते हळूच म्हणाले.

"माझं पुण्याच्या," मी म्हणालो. "कधी गेलोच नाही."

आतून त्यांच्या बायकोने कोण आलंय म्हणून विचारलं.

"समोरचे जागरूक मतदार," त्यांनी सांगितलं, पायात चपला सरकवल्या आणि माझ्या हातातला ट्रे परत घेऊन माझ्याआधी माझ्या घरात शिरले.