संभा गेला की!

मी ट्रकखाली सापडून मेलो, त्याच दिवशी आमच्या घरी कांदेपोह्यांचा कार्यक्रम होता.

मेलो म्हणजे मालिकेत. तीन वर्षं मी एका मालिकेत खलनायक होतो. बायकोला छळायचं, आईचे दागिने पळवायचे आणि प्रत्येक भागाच्या शेवटी डोळे वटारायचे, एवढंच माझं काम. मालिकेत माझं नाव विक्रांत होतं. पण आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, ते एकदाही तोंडात घेतलं नाही. मंगळवार पेठेतल्या तालमीच्या कट्ट्यावर बसून ते छाती फुगवून सांगायचे, "काल आमच्या संभानं बायकूला घराभाईर काढली!" (माझी तिशी लग्नाविना उलटली ती उगाच नाही!)

शेवटी लेखकालाही मी नकोसा झालो आणि त्याने माझ्यावर ट्रक घातला. तो भाग संध्याकाळी सातला दिसणार होता. आणि जयसिंगपूरचे पाहुणे घर बघायला येणार होते दुपारी चारला, मुलीसकट! मुलीला, म्हणजे रूपालीला, मी एका लग्नात पाहिलं होतं आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. काम सुटलेल्या नटाला कोण मुलगी देणार? म्हणून आईने हुकूम सोडला, "सातच्या आत हो म्हणवून घ्यायचं. तवर कुणी त्वांड उघडायचं न्हाई!"

पण आबांनी सकाळीच तोंड उघडलं होतं. बिद्रीच्या आक्कांना, म्हणजे माझ्या आत्याला, त्यांनी फोन लावला होता.

"आक्का, आपला संभा गेला की!"

"आँ? कुठं गेला?"

"कुठं म्हंजे? गेला! ट्रकनं उडीवला. जाग्यावर खलास!"

पलीकडून फोन पडल्याचा आवाज आला. आबा खुशीत आईला म्हणाले, "आक्कानं लई मनाला लावून घेतलं बघ. किती जीव लावून बघत्यात माणसं!" (आक्कांचा टीव्ही महिनाभर बंद होता, हे आम्हाला नंतर कळलं.)

बरोब्बर चारला पाहुणे आले. रूपाली खाली मान घालून बसली. तिचे वडील, अण्णा, पोह्यांचा पहिला घास घेत म्हणाले, "मग पावणं, मालिका जोरात हाय म्हणा की!"

"जोरात म्हंजे? सुसाट!" मी म्हणालो. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हंबरडा फुटला.

"आरं माज्या संभाऽऽ! मला न भेटता कसा रं गेलास!"

जीपमधून आक्का उतरल्या. मागोमाग आठ बायका, आणि दोघींच्या डोक्यावर दुरड्या. दुरडीत पिठलं-भाकरी! मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून भावकी असा कडू घास घेऊन येते. आक्कांनी तो माझ्यासाठी आणला होता. गल्लीतली माणसं काही न विचारता टोप्या काढून मागे उभी राहिली. एकाने तर दारात गोवऱ्या आणून टाकल्या!

अण्णांचा घास हातातच राहिला. "कोण गेलं हो?"

"मी," मी म्हणालो. दुसरं काही सुचेना! बाहेर धावलो आणि आक्कांच्या पाया पडलो. आक्का किंचाळल्या, चार पावलं मागे सरल्या, मग माझा गाल चाचपून त्याच गालावर फाडदिशी लगावली.

"जित्ता हायस व्हय रं मुडद्या? आठ बायका रडवत आणल्या की मी!" आणि मला पोटाशी धरून पुन्हा रडायला लागल्या.

"आवो, मालिकेत गेला, मालिकेत!" आबा ओरडले. पेठेनं ऐकलं. अण्णांनीही ऐकलं.

"म्हंजे, काम सुटलं?" अण्णांनी बशी खाली ठेवली. आईनं कपाळावर हात मारला. खोटं बोलायला आता जागाच नव्हती. "सुटलं," मी म्हणालो. "दुसरं मिळंल का न्हाई, म्हाईत न्हाई." आणि मला खरोखर रडू आलं. रूपाली आता हातची गेली, एवढंच डोक्यात होतं. अण्णा उठले.

"अण्णा, बसा की," रूपाली म्हणाली. "मला ठावं हुतं. आठवडाभर जाहिरातीत दावत्यात, तुमीच टीव्ही बघत न्हाईसा. मी हो म्हणायलाच आलोय."

मी डोळे पुसले. "खरंच? माझं काम एवढं आवडलं?"

"न्हाई वो! तीन वर्षं बघतोय, एकदाबी पटलं न्हाई. पर त्या जाहिरातीत शेवटाला तुमचा फोटू हाय न्हवं, हार घातलेला? डोळं वटारणं न्हाई, बोलणं न्हाई. लई झ्याक काम केलंय बघा!"

लग्नाला आता चार वर्षं झाली. घरात मी अजूनही तीच भूमिका करतो, आणि ती अजून तरी कोणी बंद पाडलेली नाही!