भिंतीमागं सापडलेली मनकर्णा

मनकर्णा तायडे मूळची पातूरकडची. लग्न होऊन अमरावतीला आली. नवरा पुंजाजी गवंडीकाम करी, ती त्याच्या हाताखाली विटा द्यायची, चुना मारायची. चुना मारण्याआधी बोटाच्या पेरांनी भिंत ठोकून बघायची तिला सवय होती. पोपडा कुठं सुटला ते आवाजावरून कळतं, म्हणायची.

अठ्ठावन्न साली एका सरकारी कचेरीत दोघांना काम लागलं. मोठ्या हॉलच्या मागच्या भिंतीवर तिनं ठोकलं आणि तिचा हात थांबला.

"बडे बाबू, हे भिताड पोकय हाय."

बडे बाबू म्हणजे हेडक्लार्क महादेवराव. ते तिच्यावर उखडले. "बाई, अकरा वर्षं झाले मी ह्या भितीले टेकून बसून राहिलो. मले नसतं समजलं?"

"तुमी टेकून बसले. ठोकून कुठं पायलं?"

तिनं फावड्याचा दांडा मारला. चार विटा आतल्या बाजूला पडल्या. विटांच्या मागं एक अख्खी खोली निघाली. टेबल, खुर्ची आणि खुंटीला काळी छत्री. महादेवरावांनी इमारतीचा नकाशा काढला. नकाशा पाहिला, खोली पाहिली, पुन्हा नकाशा पाहिला.

"नकाशात खोली नाही."

"पन इथं हाय ना."

"इथं असून काय फायदा?"

वर कळवलं. पूर्वी कागद नागपूरला जात, आता मुंबईला जात होते, म्हणून उत्तराला चार महिने लागले. तपासणीचे साहेब स्वतः येऊन पाहत नाहीत तोवर सर्व पूर्ववत ठेवावं, असं उत्तर आलं. पूर्ववत म्हणजे भिंत. पुंजाजीनं ती बांधली. साहेब आले, भिंत फोडली, साहेबांनी खोली पाहिली, "पूर्ववत ठेवा" म्हणाले आणि त्यांची बदली झाली. नव्या साहेबांना जुन्या साहेबांचं पाहणं चालेना.

असं सहा वर्षांत ती भिंत अकरा वेळा फुटली आणि अकरा वेळा उभी राहिली. पुढंपुढं मनकर्णा ती नुसत्या मातीत रचायला सांगू लागली. मधली एक वीट सैल ठेवायची. तेवढी ढकलली की सगळी भिंत मुकाट्यानं खाली बसायची. वरून चुन्याचे दोन हात दिले की ओळखू येत नसे. एका साहेबांनी स्वतः लाथ मारून ती पाडली. त्यांना इतकी मजा वाटली, की त्यांनी ती तिथल्या तिथं पुन्हा बांधायला लावली आणि पुन्हा पाडली.

खोली थंड, मुंग्या नाहीत. म्हणून एकदा भिंत बंद होताना मनकर्णानं लिंबाच्या लोणच्याची बरणी आत ठेवली. पुढच्या तपासणीत बरणी निघाली. महादेवरावांनी टेबल-खुर्च्यांच्या वहीत लिहिलं : बरणी, एक.

"अवो, ते माह्यं लोनचं हाय!"

"आत सापडलं ते सरकारचं. मी काही करू शकत नाही."

मनकर्णा दोन दिवस धुसफुसत राहिली. काम साहेब येतील तेव्हाच मिळे. कायम करा म्हटलं की महादेवराव म्हणत, जागा मंजूर नाही. तिसऱ्या दिवशी चुलीपुढं बसल्याबसल्या ती एकदम हसली आणि नवऱ्याला म्हणाली, "येत्या टायमाले मले आत ठेवा."

पुंजाजीला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. पण बायकोपुढं त्याचं कधी चाललं नव्हतं.

साहेब सकाळी अकराला यायचे होते. कचेरी उघडायच्या आधीच त्यांनी सैल वीट ढकलून भिंत पाडली आणि मनकर्णा आत जाऊन खुर्चीवर बसली. पुंजाजीनं तिच्यासमोर भिंत रचली, श्वासापुरती छताजवळ एका विटेची जागा मोकळी ठेवली. अकरा वाजले, बारा वाजले. अकोल्याहून येणारी साहेबांची जीप वाटेत बंद पडली होती. मनकर्णा अंधारात बसून टाइपरायटरची टकटक ऐकत होती. एवढा वेळ खुर्चीवर ती जन्मात कधी बसली नव्हती. मध्येच मनात आलं, साहेबांची बदली झाली असली तर? तेव्हा मात्र तिनं अंधारात सैल वीट चाचपून पाहिली.

पुंजाजी चुना मारायच्या निमित्तानं शिडीवर चढून भोकातून म्हणाला, "फोडू का वं?"

"थांबा. पानी तेवढं द्या."

तीन वाजता साहेब आले. भिंत खाली बसली. धूळ खाली गेली तशी खुर्चीतली बाई दिसली.

"हे काय?" साहेब ओरडले.

"मी सापडली, साहेब. आत सापडलं ते सरकारचं, असं बडे बाबू म्हनते."

साहेबांनी वही मागवली. टेबल एक, खुर्ची एक, छत्री एक, बरणी एक. नियम सरळ होता. त्यांनी खाली लिहिलं : बाई, एक. सुस्थितीत.

मग घोळ सुरू झाला. महादेवराव पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन, टेबल-खुर्चीवर टाकतात तसा, तिच्यावर नंबर टाकायला आले. तिनं त्यांचा कुंचला खुर्चीकडं वळवला आणि खुर्चीवरच दोन नंबर पडले, एक खुर्चीचा, एक तिचा. महिनाभरानं पुंजाजीला नोटीस आली : सरकारी वस्तू विनापरवाना घरी नेऊन वापरता, खुलासा करा. त्यानं शेजाऱ्याकडून उत्तर लिहून घेतलं. वस्तू खुशाल घेऊन जा, पण भाकरी टाकायला दुसरी कोणी पाठवा.

हा कागद मुंबईला गेला आणि तिथं कोणाला तरी घाम फुटला असावा. कारण आठ महिन्यांत खोलीला नंबर मिळाला, भिंतीच्या जागी दार बसलं, आणि खोलीची शिपाई म्हणून मनकर्णाची कायम नेमणूक झाली.

पहिल्या दिवशी महादेवरावांनी हजेरीपट पुढं सरकवला आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड उघडला. मनकर्णानं पॅड बाजूला केला. वस्तीतल्या प्रौढांच्या वर्गात ती नुकतीच नाव लिहायला शिकली होती. टाक दोन्ही हातांनी धरून ती लिहायला लागली. अक्षरं मोठी आली. 'मनकर्णा'लाच तीन ओळी लागल्या. खालच्या दोन ओळी महादेवरावांच्या आणि एका कारकुनाच्या होत्या. सहीला जागाच उरली नाही, म्हणून त्या दिवशी दोघांची गैरहजेरी लागली.