कोहळ्याचा पहिला काप

आमच्या गावात कोहळं बायका कापत नसत. कोहळं म्हणजे तुमचा लाल भोपळा. दिवसभर वाकून एकराएकरानं धान बायकाच कापायच्या, त्याला कुणाची हरकत नव्हती. पण अख्ख्या कोहळ्याला पहिला काप द्यायचा तर पुरुषाचाच हात लागे. का, तर कोहळं म्हणजे घरातला थोरला मुलगा, आणि बाईनं त्याच्यावर विळी चालवणं म्हणजे पोटच्या पोरावर चालवणं. एकदा पुरुषानं फोडून दिलं, की मग त्याच थोरल्या मुलाच्या हव्या तितक्या फोडी करा, तेलतिखटात परता, कुणाला काही होत नसे. बरं, पुरुष म्हणून कुणीही चाले. शेजारचं शेंबडं पोर आणून त्याचा हात विळीला टेकवला तरी भागायचं. चाळिशीची बाई मात्र चालायची नाही. मी हे चिडून लिहिते आहे असं कुणाला वाटलं, तर ते बरोबरच आहे. मी तेव्हाही चिडलेलीच होते.

गाव मोहाडीच्या अलीकडचं, आणि दिवस सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाचे. मी आठवीत होते. आमच्या घरात पुरुष नव्हता. मी चौथीत असताना बाबा तापानं गेले होते. मोठं घर मधून मातीची भिंत घालून दोन केलेलं. पलीकडे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, त्यांची बायको मोठी माय आणि त्यांची मुलं. अलीकडे माय आणि मी. आमच्या वाट्याची शेती मोठेबाबाच वाहायचे. वर्षाचं धान आणून टाकायचे आणि त्यात त्यांनी कधी खोट केली नाही, हे मी त्यांच्या बाजूनं आधीच सांगून टाकते. त्यांचं म्हणणं एकच होतं. दोन बायकांनी वेगळी चूल मांडून बसायचंच कशाला? भिंत पाडा आणि आमच्यात या.

मायला ते नको होतं. तिकडे गेली असती तर जन्मभर मोठ्या मायच्या हाताखाली रांधत बसली असती आणि तिच्या बाजूला मी. आमची चूल वेगळी राहिली ती वाडीच्या जोरावर. घरामागच्या भाजीच्या तुकड्याला आमच्याकडे वाडी म्हणतात. त्या एवढ्याशा जागेत मायनं वाल, भेंडी, दोडकी, वांगी, मिरच्या सगळं केलं होतं. न्हाणीचं पाणी वेलांना, चुलीतली राख पानांवर. घरची भाजी घरची व्हायची, आणि उरलेली टोपलीत घालून ती बाजाराला न्यायची. कोहळ्याचा वेल कवेलूंवर, म्हणजे कौलांवर, चढवलेला असे. अडचण तेवढी एकच. कोहळं निघालं की भिंतीपलीकडे निरोप धाडावा लागे. मोठेबाबा येत, पहिला काप देत आणि जाताना मला ऐकवत, "घरात माणूस नसला का असं होते, पोरी."

मला, कारण मायशी ते बोलत नसत. ते तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर. भासऱ्यासमोर बाई डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी राहते आणि बोलायचं ते लेकराच्या तोंडून बोलते. दोघंही समोरासमोर, आणि मधे मी. "तुझ्या मायले सांग," "मोठेबाबाले सांग." माझं अर्धं बालपण या सांगासांगीत गेलं.

रेडिओ मोठेबाबांकडे होता. संध्याकाळी नागपूरहून शेतीचा कार्यक्रम लागे. तेव्हा ते छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसून तो एवढ्या मोठ्यानं लावायचे की अख्ख्या गल्लीला खत कधी टाकायचं ते कळावं. भिंतीच्या अलीकडे माय भाजी निवडत ऐकायची. कार्यक्रमाची सुरुवात रोज "शेतकरी बंधूंनो" अशीच व्हायची. गावातली एकूण एक वाडी बायकांच्या हातची, पण भाजीपाला सांगायचा बंधूंना, आणि भगिनींसाठी लोणची-मुरांबे. माय भिंतीला तोंड करून म्हणायची, "बंधू तिकडं पत्ते खेळून राहिले, बाबू. मले सांग."

शाळेतले एक गुरुजी शेतीचं मासिक मागवायचे. त्याचे जुने अंक मी मागून आणायची आणि मायला वाचून दाखवायची, कारण तिला वाचता येत नव्हतं. एका अंकात आदर्श परसबागेचं चित्र होतं. दोरी धरून आखलेले चौकोन, प्रत्येकात एकेक भाजी, कडेला नळ. मायनं ते चित्र उलटसुलट करून पाहिलं. "हे वाडी होय का दवाखाना?" म्हणाली. पण त्यातलाच गादीवाफ्याचा, म्हणजे मातीच्या उंच वाफ्याचा, मजकूर तिनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतला, दोन दिवस तोंड वाकडं करून फिरली आणि तिसऱ्या दिवशी मिरचीचं बी गादीवाफ्यावर टाकलं. रोपं तरारून आली. "मासिकवाल्याले कळवू नको," एवढंच म्हणाली.

त्या पावसाळ्यात कोहळ्याचा वेल माजला. पानं सुपाएवढी, फुलंच फुलं, पण फळ टिकेना. लिंबाएवढं झालं की पिवळं पडून गळायचं. मायनं राख टाकून पाहिली, शेणाचं पाणी घालून पाहिलं, काही होईना. रेडिओवाले पत्रांना उत्तरं देत हे तिला ठाऊक होतं. एक दिवस ती मला म्हणाली, "कार्ड लिव्ह."

मी लिहिलं. फळ धरतं आणि गळतं, उपाय सांगावा. खाली सवयीनं बाबांचं नाव घातलं. तिनं वाचून दाखवायला लावलं आणि नावापाशी थांबवलं.

"वाडी कोन करते?"

"तू."

"त मंग?"

मी बाबांचं नाव खोडून तिचं लिहिलं. कार्डावर ती खाडाखोड तशीच गेली.

उत्तर आलं तेव्हा धानाची रोवणी संपली होती. मोठेबाबांच्या छपरीत सातआठ माणसं पाय पसरून बसली होती. रेडिओवाल्यानं आधी मायचं पूर्ण नाव घेतलं, मग गाव, मग तालुका. पलीकडचं बोलणं एकदम थांबलं. मायच्या हातातली भेंडी हातातच राहिली. मी जन्मल्यापासून तिला सगळे 'पोरीची माय' म्हणत आले होते. तिचं नाव कुणी एवढ्या मोठ्यानं घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि मला इतका आनंद झाला की रडूच आलं.

रेडिओ सांगत होता की कोहळ्याच्या वेलावर नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं असतं. पावसाची झड लागली की मधमाशा फिरत नाहीत आणि फळ गळतं. अशा वेळी भल्या सकाळी नर फूल तोडून घ्यावं, त्याच्या पाकळ्या काढाव्या…

"नर पायजे म्हंते गा!" पलीकडून कुणीतरी म्हणालं आणि सगळी छपरी हसली. त्या हसण्यातच खटकन आवाज झाला. मोठेबाबांनी रेडिओ बंद केला होता.

थोड्या वेळानं ते आमच्या अंगणात आले. रागानं त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "तुझ्या मायले विचार, मी मेलो होतो का? मले विचाराचं होतं. रेडिओले कायले विचारलं? चार लोकांत घरच्या बाईचं नाव निंघालं." माय दाराआडून ऐकत होती. जाताना ते वळले. "नाव रेडिओत गेलं ना? आता कोहळं कापाले रेडिओलेच बलाव म्हणा."

उरलेलं उत्तर मायनं वेलालाच विचारलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती फुलं उघडून पाहत होती. बुडाशी बारीक गोळा असलेलं फूल कोणतं आणि नुसत्या देठाचं कोणतं हे तिला आधीच माहीत होतं. त्यांना नर-मादी म्हणतात एवढंच नव्हतं ठाऊक. तिनं देठाचं फूल तोडलं, पाकळ्या सोलल्या, आतल्या दांड्यावरची पिवळी भुकटी बोटानं पाहिली आणि तो दांडा दुसऱ्या फुलाच्या पोटात हलकेच फिरवला. मग पावसानं धुऊन जाऊ नये म्हणून त्यावर पळसाच्या पानाचा द्रोण पालथा टाचला. ही द्रोणाची गोष्ट रेडिओत नव्हती. ती मायची. रोज सकाळी ती हे करायची आणि मी शिडी धरायची. त्या वर्षी पाच कोहळी धरली, आणि एकही गळलं नाही.

पितृपक्ष आला. बाबांच्या तिथीला पितराच्या पानावर कोहळ्याची भाजी लागतेच आणि ते पान दर वर्षी मोठेबाबा जेवायचे. सकाळी येऊन कोहळं फोडून द्यायचे, दुपारी भावाच्या नावानं पाटावर बसायचे. त्या सकाळी ते आले नाहीत. मायनं मला पाठवलं.

ते छपरीत बसले होते. म्हणाले, "मायले सांग, पुढच्या सालापासून पितर एकाच चुलीवर. हो म्हणत असन त हा आलो मी."

मी परत येऊन सांगितलं. मायनं तांदूळ धुता धुता ऐकलं. कोहळ्याच्या एका कापासाठी आमची चूल मागत होते. मला वाटलं, ही आता हो म्हणते. सगळ्या गावात त्या दिवशी एकही माणूस, की कुणाचं पोर, मोठेबाबांना डावलून आमच्या दारात आला नसता.

"नाई म्हणाव," ती म्हणाली आणि विळी ओढली.

एवढ्यात मागच्या दारानं मोठी माय आली. आपल्या धाकट्याला तिनं दंडाला धरून आणलं होतं. "याचा हात लाव, बाई. त्यायले सांगू नको मी आली म्हून." ती मनानं वाईट नव्हती. घाबरलेली होती, कारण तिला तीन मुलगे होते.

माय म्हणाली, "कोहळं म्हंजे थोरला पोरगा ना? मले पोरगाच नाई. मारन त कोनाले मारन?"

तिनं विळीवर पाय रोवला, कोहळं दोन्ही हातांत धरलं आणि सगळा भार टाकून दाबलं. साल टणक होती. विळी मध्येच अडकली. मोठ्या मायनं पोराचे डोळे झाकले. मायनं पुन्हा दाबलं आणि कोहळ्याची दोन शकलं झाली. आत पिवळाधम्मक गर होता आणि बिया. आणखी काही नव्हतं.

मोठ्या मायनं धाकट्याला पोटाशी धरलं. "मी त्यायले सांगतो लहान्यानं कापलं म्हून. तू बोलू नको काई. येतीन ते जेवाले." ती गेली. मला त्या क्षणी ते फार बरं वाटलं, हे कबूल करते. मला वाटलं, सुटलो. भाजी होईल, पान होईल, चूलही राहील. मी मायला म्हणालेही, "राहू दे ना तसंच."

दुपारी मोठेबाबा आले. पाय धुतले, पाटावर बसले. भावाचं पान होतं, त्यांच्यानं राहवलं नाही. मी वाढत होते. भात, कढी, वडे वाढून झाले. भाजीचं भांडं हातात घेतलं तशी माय दाराआडून बाहेर आली. पदर डोक्यावर होता, पण तोंड झाकलेलं नव्हतं. भांडं तिनं माझ्या हातातून घेतलं आणि मला मधे न घालता, जन्मात पहिल्यांदा, त्यांच्याशी बोलली.

"कोहळं मी कापलं हाय. तुमाले वाढू का?"

मोठेबाबांचा हात पानावरच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तिले सांग, लहान्यानं कापलं. मी आयकलं तसं. तसंच बोलाचं." त्यांच्या आवाजात धाक नव्हता, विनवणी होती. तेही वाट मोकळी करून देत होते.

"लहान्यानं नाई," माय म्हणाली. "मी."

ते उठले. एक घासही न घेता जोडे घातले आणि गेले. पुढे दोन वर्षं ते आमच्या दारात आले नाहीत. धान मात्र दर वर्षी पुरतं येत राहिलं, आणि भिंत पाडायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

पितराचं पान न जेवता कुणी उठणं याहून मोठा अपशकुन आमच्याकडे नाही. मी भिंतीला टेकून रडायला लागले. माय पाटापाशी आली. मग तिनं डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला आणि त्या पाटावर बसली.

"या पानावर माह्याइतका हक्क कोनाचा हाय?" ती म्हणाली. "रडू नको. भाजी वाढ."

मी वाढली. ती सगळं पान जेवली, आणि भाजी तिनं दोनदा मागून घेतली.