गाडी लागते का?

"खिडकी उघडा वं बाई," ऑपरेशन टेबलावरून गयाबाई पुटपुटल्या.

थिएटरला खिडकी नसते. वर मोठा दिवा, भिंतीला हिरव्या फरशा, एसीची एकसुरी घरघर. पण गयाबाई तिथं नव्हत्याच. पाच मिनिटांपूर्वी मी त्यांना थोडं मिडॅझोलाम दिलं होतं. हे भूल देण्याआधीचं गुंगीचं औषध. माणूस जागाच असतो, पण भीती सुटते आणि जीभही सुटते. मी भूलतज्ज्ञ. संभाजीनगरात वीसेक वर्षं हेच करते आहे. या पाच मिनिटांत कुणी विहिरीत पोहतं, कुणी कधीच विकलेल्या म्हशीला हाक मारतं. मला ही वेळ फार आवडते. आपणही कुठंतरी तरंगत जाऊन येतो.

"घाट आला का? धरा मला. पोटात ढवळतंय."

माझ्या हातात पुढच्या औषधाची सिरिंज होती. हात तिथंच थांबला.

गयाबाई देवगाव रंगारीच्या, पन्नाशीतल्या. उजव्या कानाच्या पडद्याला भोक. "नात येती न् ह्याच कानात गुपित सांगती," आदल्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या. "मी नुस्तीच हासते. तिला वाटतं आज्जीला समजलं." म्हणून हे ऑपरेशन.

त्यात सर्जन पातळ पापुद्र्याचा नवा पडदा आत बसवतात. तो लगेच घट्ट धरत नाही. शुद्धीवर येताना जोराच्या उलट्या झाल्या तर सरकू शकतो. आणि तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आतच असल्यानं या ऑपरेशननंतर मळमळ जास्त होते. कुणाला जास्त होईल, हे ओळखायला आमचा एक साधा प्रश्न असतो. प्रवासात ज्यांना उलटी होते, त्यांना भुलीनंतरही होण्याची शक्यता जास्त. तो प्रश्न मी विचारला होता.

"गाडी लागते का तुम्हाला?"

"नाय लागत."

मी 'नाही'वर खूण करून पान उलटलं. "घरचीच हाय की, तिच्यावरच आलो," असं त्या पुढं म्हणाल्या होत्या. ते मी ऐकलं, पण कान दिला नाही. आणि आता या बाई माझ्यासमोर एसटीत बसून घाट चढत होत्या.

"मॅडम, सुरू करायचं ना?" सर्जन हात धुऊन उभे होते.

"सर, पाच मिनिटं."

"काय झालं?"

"पेशंटला गाडी लागते बहुतेक."

"तुम्ही लिहिलंय, नाही म्हणून."

"तेच तर," म्हणून मी सिस्टरना त्यांच्याजवळ उभं केलं आणि दाराशी गेले. बाहेर गयाबाईंचे मालक बसले होते.

"एसटीत यांना उलट्या होतात का हो?"

"व्हय की! कन्नडपतुर जाईस्तवर जीव नकोसा होतो तिचा. म्हणून तर मोटरसायकलवर आणली."

मला माझीच लाज वाटली. गाडी लागते का म्हटल्यावर त्या बिचारीनं गाडी हवी का, एवढंच ऐकलं. घरी गाडी असताना ती कशाला लागेल?

मग सगळा बेत बदलला. भुलीचा गॅस मळमळ वाढवतो, तो रद्द केला. त्याऐवजी दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल शेवटपर्यंत शिरेतून चालू ठेवलं. फेंटानिल, म्हणजे दुखणं मारणारं जोरदार औषध, त्यानंही उलटी होते. ते अगदी थोडं दिलं. बाकी भार पॅरासिटामॉलवर आणि सरांनी कानामागं दिलेल्या बधिर करण्याच्या इंजेक्शनवर. उलटीविरुद्ध सुरुवातीलाच डेक्सामेथासोन आणि संपताना ऑन्डान्सेट्रॉन.

दोन तासांनी गयाबाईंच्या पापण्या हलल्या. त्यांनी एकदा आवंढा गिळला. मी श्वास रोखून धरला. सरही ग्लोव्हज काढायचे थांबले.

"पोचलो का?" त्यांनी विचारलं.

"पोचलो. मळमळतंय?"

"नाय वं. लई निवांत आली गाडी."

उलटी झाली नाही, रात्रीही नाही.

दोन महिन्यांनी त्या तपासणीला आल्या, तेव्हा सरांनी मला मुद्दाम बोलावलं. पडदा छान धरला होता. मी गयाबाईंच्या डाव्या कानावर तळहात घट्ट दाबला, मागं उभी राहिले आणि उजव्या कानाशी अगदी हळू म्हटलं, "गाडी लागते का?"

त्या झटकन वळल्या.

"लागती की. एसटीत लई वकाऱ्या येत्यात. पण तवा मला वाटलं, गाडी पायजे का म्हून इचारताय; तुम्हीच मागनं समजावलं."

आता मी सरळ 'एसटीत उलटी होते का' असंच विचारते, आणि उत्तर संपेपर्यंत पान उलटत नाही.