मला नापास करणारं कॉलेज

अकोल्याच्या स्टेशनावर मी रडले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गावी हिवरखेडला माझी मोठी सून सगळ्यांना उलटं सांगत असते. रडला तो गजानन, माझा थोरला. पन्नाशीला आलेला माणूस, पण गाडीची खिडकी सोडेना. "माय, नात शाळेत गेली का वापस ये. तिकडं आपलं हाय काय?" हेच पुन्हा पुन्हा. त्याआधी सकाळी एसटीच्या थांब्यावर शेजारची शांताबाई म्हणाली होती, "विमानात बसून जाशीन वत्सला, पन तिकडं भांडीच घासशीन." मी म्हटलं, "मंग इथं काय कलेक्टरी करून राहिली का मी?"

शांताबाईचं चुकलं नव्हतं. धाकटा संजय अमेरिकेत, आयोवा नावाच्या राज्यात ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनीयर आहे. गाव लहान, आमच्या तालुक्याच्या तेल्हाऱ्यापेक्षाही लहान. तो आणि त्याची बायको दोघंही नोकरीला, म्हणून नात सांभाळायला मला नेलं. तीन वर्षं मी नात सांभाळली आणि भांडीही घासली. नात शाळेत जायला लागली, तसं दिवसभर घरात मी आणि फ्रिजचा आवाज. खिडकीतून मक्याचं शेत दिसायचं. पार आभाळाला टेकेपर्यंत मका, आणि त्यात माणूस एक नाही. आपल्याकडे एवढ्या रानात निंदणाऱ्या दहा बाया तरी दिसल्या असत्या, एकमेकींच्या सासवांना नावं ठेवणाऱ्या.

संजयनंच एक दिवस विचारलं, "माय, कॉलेजात जातं का?"

मला वाटलं थट्टा करतो. मी चौथी पास. चौथीत मी पहिली आले होते, हे खरं. गुरुजी घरी सांगायला आले, तेव्हा माझे वडील म्हणाले, "नाव वाचता येते, सही करता येते. पोरीले अजून काय पाहिजे?" गुरुजी चहा पिऊन गेले. माझं शिक्षण तिथं संपलं.

पण इथं कम्युनिटी कॉलेज म्हणून एक प्रकार आहे, ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. सरकारी आहे. आजूबाजूच्या गावांचे लोक कर भरतात, त्यावर चालतं. वय विचारत नाहीत. कोणी वेल्डिंग शिकतं, कोणी नर्सचं काम, कोणी अर्धवट सोडलेली शाळा पुरी करतं. इमारत शेताच्या मधोमध, बाहेर चिखलाने भरलेल्या गाड्या. मोठ्या लोकांसाठी इंग्रजीचा वर्ग फुकट होता. दोन हिवाळे मी तिथं बसले. माझ्या बाजूला मेक्सिकोची एक बाई बसायची, ती डुकराच्या मांसाच्या कारखान्यात रात्रपाळी करून यायची आणि वर्गात डुलक्या घ्यायची. तरी यायची. मी लुगडं नेसून, वरून संजयचा जुना कोट घालून जायचे. कोणी हसलं नाही. हसले असते तरी मी गेले असते.

मग बागकामाचा वर्ग निघाला. मे ते ऑगस्ट, शेवटी परीक्षा आणि शिक्क्याचा कागद. मी नाव घातलं. पैसे संजयनं भरले, पण फॉर्मवर सही माझी. खरं सांगते, मला तो कागद पाहिजे होता. बागकाम मला येतं, तो शिकवणारा जन्मायच्या आधीपासून येतं. पण येतं असं लिहून कोणी दिलेलं नव्हतं.

शिकवणारा टायलर, तिशीतला, सोयाबीनवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. सकाळी घरचं शेत पाहायचा, दुपारी आम्हाला शिकवायचा. मी त्याला मास्तर म्हणायचे, त्याला त्याचा अर्थ सांगितला तर खूश झाला. पहिल्या दिवशी त्यानं माती हातात घ्यायला लावली. काळीच होती, आपल्या शेतासारखी, फक्त भेगा न पडणारी. मी ती बराच वेळ हातात धरून बसले होते. रोपं लावणं, आळं करणं, खत कालवणं, सगळ्यात मी पुढे. कागदावरच्या परीक्षेत प्रश्न वाचून दाखवायला एक बाई दिली होती, त्यातही निभावलं.

शेवटची परीक्षा हातानं करायची होती. प्रत्येकाला टोमॅटो-मिरचीचा एकेक वाफा दिलेला. नियम साधा होता. तण मुळासकट काढायचं, पीक ठेवायचं. निंदणी! मला हसूच आलं. बाकीचे गुडघ्यावर बसून दमले, मी उकिडवी बसून अर्ध्या वेळात वाफा मोकळा केला. वेळ उरला म्हणून कडेच्या रोपांना मातीची भर दिली आणि पाणीही घातलं.

मास्तर आला आणि वाफ्याकडे बघतच राहिला. "हे काय आहे?"

मी म्हटलं, "तांदुळजा."

"हे का ठेवलं?"

"भाजी आहे."

"तू लावली?"

"नाही. आपोआप येते."

"म्हणजे तण."

"तण कसं? उद्या परवा खुडायला येईल."

तो डोक्याला हात लावून खाली बसला. त्याच्या शेतात सोयाबीनचा सगळ्यात मोठा वैरी हाच होता. दरवर्षी फवारे मारमारून तो बापाबरोबर त्याच्याशी लढायचा, आणि मी त्याला मातीची भर देऊन पाणी पाजलं होतं. मी एक कोवळं पान तोडून त्याच्या हातात दिलं. त्यानं खाल्लं. म्हणाला, "चव चांगली आहे. मार्क मिळणार नाहीत."

सहा मार्कांनी नापास झाले मी.

वेल्डिंग सोडून आमच्या वर्गात आलेला एक धिप्पाड बाबा म्हणाला, "सोड ना, आजी आहे, देऊन टाक कागद." मला राग आला तो त्या बाबाचा, मास्तरचा नाही. मास्तर म्हणाला, "पुढच्या मे महिन्यात वर्ग आहे. परत ये." बस्स. मला समजावलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही.

त्या दिवशी मी घरी चालत आले आणि विचार केला. चौथीनंतर मला कोणी नापास केलंच नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. तरुणपणी चुकले तर 'अडाणी बाई, तिले काय समजते'. म्हातारपणी चुकले तर 'असू द्या, वय झालं'. हिवरखेडहून निघायच्या आधी एकदा मी वरणात दोनदा मीठ घातलं. सगळ्यांनी गुपचूप खाल्लं. मला आठ दिवसांनी नातवाकडून कळलं. माया होती त्यात, नाही म्हणत नाही. पण आठ दिवस मी घरातल्या लहान लेकरासारखी होते आणि मला ते माहीतही नव्हतं.

माझं परतीचं तिकीट पोळ्याच्या आधीचं होतं. कायमचं परत जायचं ठरलं होतं. मी गजाननला फोन केला.

"कागदासाठी थांबतं?" तो ओरडला. "माय, तिथल्या थंडीत मरशीन! त्या कागदाचं काय लोणचं घालतं का?"

"नापास झाली मी. पास होऊन येतो."

"कोन्त्या पोट्ट्यानं नापास केलं तुले? जिंदगी गेली तुही वावरात!"

"बराबर केलं त्यानं. मी नियम ऐकला नाही."

गजाननचा आवाज खाली आला. मग म्हणाला, "स्वेटर हाय ना तुह्यापाशी?"

तो हिवाळा मी काढला. मे महिन्यात पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. परीक्षेच्या दिवशी तांदुळजा मुळासकट उपटला, एकही ठेवला नाही. मास्तरनं दोनदा तपासलं. कागद मिळाला तेव्हा त्यावर माझं नाव छापलेलं होतं, आणि संजयच्या बायकोनं फोटो काढून हिवरखेडला पाठवला. शांताबाईनं निरोप दिला की भांडी कोण घासते आता. मशीन घासते, तिला सांगा.

माझ्यासारख्या पोरांमागे इकडे आलेल्या बायांना एवढंच सांगते, जवळ असं कॉलेज असेल तर जा. नापास झालात तरी जा.

आणि गजानन, तुझ्यासाठी. या पोळ्याला मी येते आहे, राहायलाच. या लोकांनी मला जे दिलं ते मी विसरणार नाही, पण माझं घर तिथं आहे. घरामागची रिकामी जागा नांगरून ठेव. तिथं मी माझे वाफे करीन. खाट अंगणात टाकून मला बसवू नका. आणि माझ्या हातून काही चुकलं तर गुपचूप खाऊ नका रे. तोंडावर सांगा.