झाकण लावून काढलेले फोटो

हे मी आजवर कोणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, स्टुडिओतल्या पोरांना नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून असेल.

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. कामं बहुतेक लग्नाचीच. उन्हाळ्यात कॅमेरा तापला आणि उजेड कमी पडला, की फोटोत लाल, हिरवे, निळे बारीक ठिपके उठतात. आम्ही त्याला रवा म्हणतो. नवरीच्या गालावर रवा दिसला, की कॉम्प्युटरवर एक पट्टी ओढायची, गाल गुळगुळीत. या कामात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मीच सांगत फिरायचो. अजूनही फिरतो — काय लपवायचं?

माझी मामेबहीण रेवती बार्शीला भूगोल शिकवते. तिला आकाशाचे फोटो काढायचं वेड. एका मे महिन्यात तिनं पुण्याहून भाड्यानं चांगला कॅमेरा आणला, गावाबाहेरच्या शेतात रात्र जागवली आणि धनू राशीतल्या एका तेजोमेघाचे फोटो काढले. फिकट लाल धुराचा लोट असतो तसा तो दिसतो. कार्ड माझ्याकडे दिलं. रवा काढून दे, शाळेच्या प्रदर्शनात मोठा करून लावायचाय, म्हणाली. बाईमाणूस रात्रीचं शेतात जाऊन करतं काय, हे सासरी तिनं पोटभर ऐकलं होतं. त्याला तिचं हे उत्तर होतं. मला ते माहीत होतं.

कार्ड लावलं तर निम्मे फोटो ठार काळे. मी हसलो. बाईनं लेन्सचं झाकणच काढलं नाही की. आमच्या धंद्यात पहिलं काम हेच — मिटलेले डोळे, हललेले हात, काळे फोटो आधी उडवायचे. मी उडवले. उरलेले उतरवून घेतले, कार्ड रिकामं केलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच कार्डावर कुंभारी गावातल्या एका लग्नाचे फोटो काढले. मोसमात कार्डं कुठं पुरतात?

मग रवा काढायला बसलो. आणि निघेना. सगळ्या आकाशावर हॉटेलातली रंगीत बडीशेप सांडल्यासारखी. पट्टी ओढली की ठिपके जायचे, पण त्यांच्यासोबत तो लाल लोटही जायचा, राहायची नुसती राख. पट्टी मागे आणली की लाल परत, बडीशेपही परत. कंटाळलो. चिडलो. कॅमेऱ्याला शिव्या घातल्या, सोलापूरच्या उकाड्याला घातल्या, रेवतीलाही घातल्या. माझ्या हाताला न जमणारं असं काही असतं — हेच मला सहन होत नव्हतं.

तेवढ्यात तिचा फोन. "दादा, काळे फोटो आधी वापर हां. झाकण लावून मुद्दाम काढलेत ते. त्यात नुसता रवाच येतो, तो खऱ्या फोटोतनं वजा करायचा."

आता काय सांगू? चूक झाली म्हणायला काय लागत होतं? उचलली जीभ, लावली टाळ्याला. "काळे? काळे नव्हतेच गं कार्डावर. तू काढायची विसरलीस बघ."

ती म्हणाली, "काढले होते की रे." आणि मग, अगदी हळू — "असेन विसरले."

भाड्याचा कॅमेरा परत गेला होता, काळे फोटो पुन्हा काढता येणार नव्हते. फोटो प्रदर्शनात लागला नाही. पण मी एवढ्यावर थांबलो का? नाही. घरच्या जेवणावळीत मी हा किस्सा रंगवून सांगायचो — आमच्या रेवतीनं एवढी रात्र जागवली आणि महत्त्वाचेच फोटो काढायची विसरली. सगळे हसायचे. दाजी, म्हणजे तिचा नवरा, सगळ्यात जास्त. तीही हसायची. विसरभोळी हे नाव तिला मी चिकटवलं. आकाशाचा एकही फोटो तिनं त्यानंतर काढलेला नाही.

गेल्या वर्षी मामी विसरायला लागली. आधी चहात साखर, मग माणसांची नावं. रेवती तिला सोलापूरला डॉक्टरांकडे घेऊन आली, गाडी माझी. परतताना मामीला मागं झोप लागली होती. रेवती पुढं माझ्याशेजारी. म्हणाली, "दादा, आईच्या आधी मलाच लागलंय का रे हे? झाकण लावल्याचं मला अजून आठवतंय. हाताला आठवतंय. आणि फोटो तर नव्हते." गॅस ती दोनदा बघते म्हणे, कुलूप तीनदा. वर्गात फळ्यावर तारीख लिहिली की पोरींना विचारून घेते. लई भ्या वाटतंय, म्हणाली.

बार्शीपर्यंतचा सगळा रस्ता पुढं पडला होता. गाडीत तिसरं जागं कोणी नव्हतं. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "एकदा तुलाही दाखवून घेऊ."

पुढच्या आठवड्यात मीच तिला घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारलं, विसरतंय असं पहिल्यांदा कधी जाणवलं? तिनं त्या काळ्या फोटोंचं सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, घरचं माणूस म्हणून. मी म्हणालो, हो, तेव्हापासूनच.