घड्याळवाल्या काकांचे शनिवार

बायको जाऊन पाच वर्षं झालेले घड्याळवाले काका पुन्हा बोहल्यावर चढणार, अशी आमच्या गल्लीत कुजबुज होती. दर शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते गुपचूप निघायचे आणि पडलेल्या चेहऱ्याने परतायचे. नवरी नाही म्हणत असणार, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

शेवटी त्यांची थोरली बहीण मागोमाग गेली. काका एका परदेशी हॉटेलात एकटेच बसले होते. समोर ऑक्टोपस, डोळ्यांत पाणी.

“अरे मेल्या, हे काय खातोयस?”

“ताई, हळू बोल. गिळवत नाहीये, आणि थुंकलं तर वेटर बघतोय.”

“मागच्या शनिवारी काय होतं?”

“गोगलगायी.” काकांनी पाण्याचा घोट घेतला. “पोरीने परदेशी मुलगा पसंत केलाय. त्याच्या घरी जेवायला जायचंय. तिथे ओकलो तर तिची काय अब्रू राहील?”

“पण कुठल्या देशाचा?”

“विचारलं तर तिला वाटेल, बापाला पटलं नाही.”

नवरीबिवरी कोणी नव्हती. व्याह्यांचा देश विचारायची भीती वाटत होती, म्हणून काका मिळेल त्या देशाचं जेवण गिळायचा सराव करत होते.